उजेडाची मशागत

कर्करोगाचे औषध शिरेतून गेले म्हणजे ते गाठीत पोहोचले, असे आपण धरून चालतो. सलाइन संपते, सिस्टर सुई काढतात, सोबत आलेला माणूस परतीच्या एसटीची वेळ पाहू लागतो. त्या औषधातला गाठीच्या गाभ्यापर्यंत जाणारा वाटा मात्र फार थोडा असतो. उरलेले औषध अंगभर फिरते. केसांची मुळे, आतड्याचे अस्तर, रक्त तयार करणारा हाडांतला मगज, सगळीकडे त्याचा मारा बसतो. केस जातात, तोंड येते, रक्त कमी होते, आणि गाठ पुष्कळदा होती तेवढीच राहते. असे का होते आणि उजेडाच्या मदतीने ते बदलता येईल का, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

रक्ताच्या कर्करोगात रोगट पेशी आणि औषध एकाच प्रवाहात असतात. गालातली, स्तनातली, स्वादुपिंडातली घट्ट गाठ निराळी. तिच्यातल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या असतात, वाकड्यातिकड्या आणि जागोजागी गळक्या. पाझरलेला द्रव वाहून नेणारी लसिकावाहिन्यांची व्यवस्था आत नीट चालत नाही. त्यामुळे गाठीच्या पोटातला दाब वाढतो आणि रक्तातून येऊ पाहणारे औषध कडेलाच अडते. आयआयटी कानपूरमधून रसायन अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेलेले राकेश जैन यांनी हा दाब मोजण्यात आणि त्याची कारणे शोधण्यात आयुष्य घातले. नळ, दाब आणि प्रवाह यांचा अभ्यास केलेल्या माणसाने गाठीकडे पाहिले, म्हणून वैद्यकाला ही अडचण इतकी स्पष्ट दिसली, असे मला वाटते. शिवाय गाठीत कोलॅजनच्या तंतूंचे दाट जाळे असते; स्वादुपिंडाच्या गाठीत तर ते फारच माजलेले. रक्त नीट खेळत नाही म्हणून प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायू कमी असलेल्या पेशींवर किरणोपचारही कमी चालतो. एवढे सगळे पार करून औषध पेशीत शिरलेच, तर पेशीच्या आवरणावरचे पंप ते उपसून परत बाहेर टाकतात.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. आपल्याकडे किरणोपचाराला लोक शेक म्हणतात, कुणी लाइट दिली असेही म्हणतात. ते क्ष-किरण असतात किंवा कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण. या पुस्तिकेतला प्रकाश डोळ्यांना दिसणारा आहे, बहुतेक वेळा लाल. एकटा तो कोणत्याही पेशीला मारत नाही. आधी प्रकाशाने जागे होणारे एक औषध द्यावे लागते. ते गाठीत साठले की ठरावीक लांबीच्या लहरीचा प्रकाश टाकायचा. औषधाचा रेणू प्रकाशातली ऊर्जा घेतो आणि शेजारच्या प्राणवायूला देतो. असा चेतलेला प्राणवायू क्षणार्धात आसपासचे सगळे जाळतो, पण त्याला एका पेशीच्या रुंदीइतकाही प्रवास करता येत नाही. म्हणून इजा होते ती जिथे औषध, उजेड आणि प्राणवायू तिन्ही एकत्र आले तिथेच. अंधारात राहिलेल्या यकृतात औषध असले तरी तिथे काही घडत नाही.

हे कळले ते एका विद्यार्थ्याच्या चिकाटीमुळे. म्युनिकमध्ये हेर्मान फोन टापायनर यांच्या हाताखाली ओस्कार राब हा तरुण अॅक्रिडिन नावाच्या रंगद्रव्याचा पॅरामिशियम या सूक्ष्मजीवावर काय परिणाम होतो ते पाहत होता. द्रावण तेच, जीव तेच; तरी कधी ते लवकर मरत, कधी बराच वेळ तगून राहत. फरक उजेडाचा निघाला. हे निष्कर्ष १९०० साली छापून आले. १९०३ साली टापायनर आणि त्यांचे सहकारी येसिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन या रंगद्रव्याचा लेप देऊन उजेड टाकून पाहिला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल मिळाले. १९१२ साली फ्रीडरिख मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने हेमॅटोपॉर्फिरिन हे प्रकाशग्राही द्रव्य स्वतःच्याच शिरेत टोचून घेतले आणि नंतर कित्येक आठवडे उन्हात जाताच त्याचा चेहरा व हात सुजत राहिले. मग बराच काळ हा विषय मागे पडला. १९७० च्या दशकात बफेलोच्या रोझवेल पार्क संस्थेत थॉमस डोहर्टी यांनी तो पुन्हा उचलला, आणि १९९३ साली कॅनडात फोटोफ्रिन या औषधाला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी पहिली मान्यता मिळाली.

इथे कुणीतरी बावचीची आठवण काढणार हे मला ठाऊक आहे. बावचीचे बी आणि ऊन यांनी कोडावर उपचार करण्याची आपली रीत फार जुनी आहे, आणि त्या बियांतले सोरालेन आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही वापरतात. पण सोरालेन अतिनील किरणांनी जागे होते आणि थेट पेशीतल्या डीएनएला चिकटते. त्याला प्राणवायूची तेवढी गरज नसते. कर्करोगावरच्या या उपचाराशी त्याचे नाते दूरचे आहे. बावचीचा लेप लावून तोंडातली गाठ उन्हात धरण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर तो ऐकू नये.

आता मुख्य मुद्दा. शंभर वर्षे या उपचाराकडे गाठ मारण्याचे हत्यार म्हणून पाहिले गेले, आणि तिथेच त्याची मर्यादा उघड झाली. मोबाइलची टॉर्च लावून तिच्यावर बोटे घट्ट धरा. पांढऱ्या उजेडातला निळा आणि हिरवा भाग रक्त शोषून घेते, पलीकडे येतो तो फक्त लाल, आणि तोही बोटाच्या जाडीत बराच विरतो. लाल प्रकाश पेशीजालात काही मिलिमीटर प्रभावी राहतो, फार तर सेंटिमीटरभर. चार सेंटिमीटरची गाठ तो एकटा संपवू शकत नाही. शिवाय जोरदार प्रकाश टाकला की गाठीतला आधीच अपुरा प्राणवायू लगेच संपतो आणि क्रियाच थांबते.

मग गेल्या पंधरावीस वर्षांत काही संशोधकांनी प्रश्न फिरवून विचारला. प्रकाशाने गाठ मरत नसेल, तरी ती औषधासाठी तयार होईल का? आपल्या वावरात उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी आवळते. तिच्यावर बियाणे फेकून कुणी शेतकरी पाऊस पाहत बसत नाही; आधी वखर फिरवतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तय्यबा हसन आणि त्यांचे सहकारी जे करू पाहतात ते याच जातीचे आहे. प्रकाशाची मात्रा मुद्दाम कमी ठेवायची, गाठ मारण्याइतकी नाही. तेवढ्यानेही रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी आक्रसतात, त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात, कोलॅजनचे जाळे सैलावते, आणि काही तास ते काही दिवस औषधाला आत जायला वाट मिळते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांवरील प्रयोगांत या गटाला आणखी एक गोष्ट दिसली: प्रकाशानंतर पेशींवरचा औषध उपसणारा एक पंप कमी झाला, आणि त्यामुळे इरिनोटेकान हे औषध जास्त परिणामकारक ठरले. उलट प्रकाश जास्त झाला तर रक्तवाहिन्या गोठून बंद पडतात, आणि मागून येणाऱ्या औषधाची वाटच बुजते. मात्रा किती आणि औषध किती वेळाने द्यायचे, यावर सगळे अवलंबून आहे. या पुस्तिकेचे सर्वांत लांब प्रकरण त्यावरच आहे. ते थोडे जड झाले आहे याची मला कल्पना आहे, पण हात आखडता घेतला असता तर वाचकाला अर्धेच कळले असते.

जपानी शास्त्रज्ञ हिसाताका कोबायाशी यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत याच दिशेने वेगळी वाट काढली. कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडालाच त्यांनी प्रकाशग्राही रंग जोडला. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटर लहरीचा प्रकाश टाकला की त्या पेशींचे आवरण फुटते. प्राण्यांमध्ये त्यांना असेही दिसले की रक्तवाहिन्यांभोवतालच्या पेशी आधी मेल्याने मागून दिलेली सूक्ष्मकणांतली औषधे गाठीत कितीतरी पटींनी जास्त साठतात. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारी द्रव्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीलाही जागे करतात. डोके व मानेच्या भागात परत उलटलेल्या, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या कर्करोगासाठी जपानने या औषधाला सप्टेंबर २०२० मध्ये मान्यता दिली.

महाराष्ट्रातही या विषयावर काम झाले आहे, आणि त्याची आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही याची मला खंत वाटते. मुंबईच्या आयआयटीत रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांवर सोन्याचा थर चढवला. जवळच्या अवरक्त प्रकाशात हे कण तापतात. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अॅक्ट्रेक संस्थेत अभिजित डे यांच्या प्रयोगशाळेसोबत त्यांनी ते उंदरांतल्या गाठींवर तपासले, आणि काम झाल्यावर कण फुटून शरीराबाहेर जातात हेही पाहिले. अरविंद कुमार रेंगन हे पहिले लेखक असलेला त्यांचा निबंध २०१५ साली ‘नॅनो लेटर्स’मध्ये आला. इथे प्राणवायूची रासायनिक क्रिया नसून उष्णता काम करते, म्हणून ही शाखा वेगळी धरतात. पण हलक्या उष्णतेने, साधारण ४० ते ४३ अंशांपर्यंत, गाठीतला रक्तप्रवाह वाढतो, वाहिन्या जास्त झिरपतात आणि किरणोपचारही जास्त लागू पडतो. म्हणजे इथेही गाठ नुसती जाळण्यापेक्षा तिला दुसऱ्या उपचारासाठी तयार करण्यात जास्त मोल असू शकते.

सातपुडा ओलांडला की इंदूर. तिथले राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लेझरसाठी प्रसिद्ध आहे. प्रदीप कुमार गुप्ता, आलोक दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे हरितद्रव्यापासून मिळणाऱ्या क्लोरिन पी-६ या द्रव्यावर बरेच काम केले. हॅमस्टर या प्राण्याच्या गालातल्या पिशवीत तोंडाच्या कर्करोगासारखी गाठ तयार करून तिच्यावर ते द्रव्य आणि लाल प्रकाश वापरून पाहिला. पालकाच्या पानातल्या हिरव्या रंगाशी नाते सांगणारे द्रव्य गालातल्या गाठीवर चालावे, ही कल्पना मला फार आवडते. पण आवड हा पुरावा नाही, आणि हॅमस्टर म्हणजे माणूस नाही.

माणसांवरचा आपल्या देशातला एक अभ्यास मात्र इथल्या प्रत्येक डॉक्टराने वाचावा असा आहे. हसन आणि बोस्टनच्याच जोनाथन सेली यांच्या गटाने बॅटरीवर चालणारा, महागड्या लेझरऐवजी एलईडी वापरणारा स्वस्त दिवा तयार केला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात लहान, सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या गाठी असलेल्या सुमारे ३० रुग्णांवर तो वापरला गेला. औषध होते अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. रक्तातले हिमोग्लोबिन बनवण्याच्या वाटेवर आपले शरीर हे स्वतःच तयार करते. ते जास्त दिले की कर्करोगी पेशींत त्यापासून प्रकाशग्राही पॉर्फिरिन साठते. निळ्या उजेडात ते लालसर चमकते, आणि स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने ती चमक पाहून गाठ कुठवर पसरली याचा अंदाज घेता येतो. गालाचा पुढचा भाग, मागचा भाग आणि अक्कलदाढेमागची जागा यांसाठी प्रकाश पोहोचवणाऱ्या वेगवेगळ्या नळ्या त्रिमितीय छपाईने बनवल्या होत्या. वीज गेली तरी उपचार थांबत नाही. ही सोय बोस्टनमध्ये कुणाला लागत नसेल. चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या गावांत ती लागते.

मी परतवाड्यात दातांचा दवाखाना चालवते, आणि या विषयात माझे मन अडकले ते तोंडांमुळे. खर्रा इथे पोरांच्या खिशात शाळेच्या वयापासून असतो. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तयार होणारी ती पुडी गालाच्या त्याच कोपऱ्यात वर्षानुवर्षे धरली जाते. आधी तिखट सोसत नाही, मग गालाचे आतले अस्तर पांढरे आणि ताठ होते, तोंड उघडणे कमी होत जाते. शेवटी दोन बोटेही आत जात नाहीत. त्याच आवळलेल्या तोंडात पुढे गाठ होते. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत वर आहे, आणि देशात दरवर्षी त्याचे सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण सापडतात. उजेडाच्या दृष्टीने पाहिले तर तोंड ही सोयीची जागा आहे: नजरेसमोरची, हाताच्या अंतरावरची. स्वादुपिंडापर्यंत प्रकाश न्यायला सुया आणि दुर्बीण लागते. गालाला तो थेट लागतो. पण बोस्टनमध्ये आखलेली नळी दोन बोटेही न उघडणाऱ्या तोंडात कशी जाईल? हा प्रश्न आपल्याच भागातल्या डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी सोडवायचा आहे. बारीक प्रकाशतंतू वापरून तो सुटू शकेल असे मला वाटते, पण त्यासाठी आवळलेली तोंडे रोज पाहणारी माणसे त्या संशोधनात असली पाहिजेत.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. फोटोफ्रिन दिलेल्या रुग्णाला किमान तीस दिवस उन्हापासून दूर राहावे लागते; औषध त्वचेतही उरलेले असते. मे महिन्यात परतवाड्याहून अमरावतीला दुपारच्या गाडीने, खिडकीशी बसून आलेल्या रुग्णाचे काय होईल? सनस्क्रीन लावून भागत नाही, कारण नेहमीची मलमे अतिनील किरण अडवतात आणि हे औषध दिसणाऱ्या उजेडाने जागे होते. लांब बाह्या, जाड कापडाचा दुपट्टा, हातमोजे, सूर्य मावळल्यावरचा प्रवास, टिनाच्या छपराच्या भोकातून अंथरुणावर पडणारा कवडसा बुजवणे, हे सगळे आधी घरी जाऊन समजवावे लागेल. पऱ्हाटीच्या निंदणीला जाणाऱ्या बाईला महिनाभर घरात बस म्हणायचे, तर त्या महिन्याची मजुरी कोण देणार हेही ठरवायला हवे. घरातले साधे दिवे मात्र चालतात. पूर्ण अंधारात कोंडून घेण्याची गरज नाही, उलट मंद उजेडाने त्वचेतले औषध हळूहळू निकामी होते. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचा हा त्रास एकदोन दिवसांतच ओसरतो. आपल्या भागासाठी औषध निवडताना हा फरक गाठीतल्या परिणामाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट उशिराची. लहान गाठ घेऊन येणारे थोडे. बहुतेक जण मानेत अवधान आल्यावर, जबड्याला सूज चढल्यावर येतात. तिथे एकट्या प्रकाशाचे काम नाही, आणि म्हणूनच मशागतीची कल्पना मला महत्त्वाची वाटते. टाटा स्मारक रुग्णालयात कुमार प्रभाष, वनिता नरोन्हा आणि विजय पाटील यांच्या गटाने अशाच वाढलेल्या कर्करोगात, बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णांना परवडेल असा उपचार शोधला. गोळ्यांच्या रूपात कमी मात्रेची रसायनोपचार पद्धत, आणि तिच्या जोडीला निव्होलुमॅब हे महागडे प्रतिकारशक्तीचे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. थोडे औषध योग्य ठिकाणी पोहोचले तर पुष्कळ होते. मग गाठ आधी उजेडाने सैल केली, प्रतिकारशक्ती जागी केली आणि त्यावर हेच थोडे औषध दिले, तर? हा प्रश्न विचारण्याची जागा मुंबई आहेच, पण अकोला, अमरावती आणि नागपूरही आहे, कारण रुग्ण इथले आहेत.

काही सावधगिरी इथेच सांगून ठेवते. गाठ औषधासाठी सैल करण्याचे बहुतेक पुरावे अजून प्राण्यांतले आणि छोट्या चाचण्यांतले आहेत. शस्त्रक्रिया, शेक आणि रसायनोपचार सोडून प्रकाशाच्या मागे लागण्याची वेळ आलेली नाही. लेझरने कर्करोग बरा करतो असे सांगून आगाऊ पैसे घेणाऱ्याला आधी विचारावे की प्रकाशग्राही औषध कोणते देता, प्रकाश किती लहरीचा आणि ही मान्यताप्राप्त चाचणी आहे का. चाचणीच असेल तर रुग्णाकडून उपचाराचे पैसे का घेता, हेही विचारावे. शेक चालू असताना तोंड सोलते तेव्हा काही रुग्णालयांत औषधाशिवाय नुसता मंद लाल प्रकाश देतात. त्याने जखमा भरायला मदत होते, पण तो हा उपचार नव्हे.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्यांनी दुसरे सोडून द्यावे. आशाताईंसाठी आणि शिक्षकांसाठी चौथे आहे: तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोनतीन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, आरशासमोर बोटाने गाल ताणून कसे पाहायचे. अशा तोंडातून तुकडा काढून तपासायला कुठे पाठवायचे आणि पाठवताना चिठ्ठीत काय लिहायचे, तेही तिथेच दिले आहे.